ऐकणाऱ्याचा वकील

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आलो त्या पहिल्याच वर्षी, तारनाक्याला माझ्या बायकोच्या मामांच्या घरी, मी एका तेलुगू सिनेमाच्या पटकथेवर असं काही भाषण ठोकलं की मंडळी चहात बिस्किटं बुडवायची थांबली. सिनेमा एका गरीब विणकराचा होता, बहिणीच्या लग्नाच्या काळजीने पोखरलेल्या. मी म्हणालो, मध्यंतरानंतर दिग्दर्शकाने जे धाडस केलंय त्याला तोड नाही. माग गायब, गाव गायब, बहीण गायब. थेट खवळलेला समुद्र, एक जहाज आणि त्यावर बेड्या घातलेला दाढीवाला माणूस. विणकराच्या मनातलं वादळ त्याने असं पडद्यावर आणलं. त्यासाठी नटसुद्धा बदलला. पटकथेचं बक्षीस दुसऱ्या कुणाला देऊन दाखवा.

मामा खुर्चीत जरा पुढे सरकले. "जमाईराजा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "विणकराच्या बहिणीचं लग्न झालं का?"

"ते प्रेक्षकांवर सोडलंय."

"बहोत खूब. मध्यंतरात काय खाल्लंत?"

"समोसा."

"समोसा घेऊन परत आलात, तो दरवाजा कितव्या नंबरचा होता?"

तेव्हा शहरात मल्टिप्लेक्स नवं होतं आणि माझं तेलुगू त्याहून नवं होतं. समोसा घेऊन मी शेजारच्या पडद्यासमोर जाऊन बसलो होतो. विणकराच्या बहिणीच्या लग्नात रडून रडून मामींचं डोकं दुखलं होतं; त्या माझ्याकडे असं बघत होत्या की भाचीच्या भवितव्याची काळजी चेहऱ्यावर स्पष्ट दिसावी. मामांनी निकाल दिला, "सिनेमे दोन, तिकीट एक. पटकथेचं बक्षीस जमाईराजांच्या समोशाला." त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

मामांना सगळे वकीलमामा म्हणत. घराणं हैदराबादचंच, तीन पिढ्या वकिलीतल्या, ऑफिस आबिड्सला. दरवर्षी अमेरिकेत तो सोनेरी बाहुला वाटतात ना, त्याच्या आधीच्या रविवारी मामांकडे बैठक बसायची. आधी आपला निकाल, मग त्यांचा, असा नियम होता. बैठकीत इंग्रजी, हिंदी, तेलुगू, मराठी सगळे सिनेमे एकाच रांगेत उभे राहत. "बाहुला त्यांचा, अक्कल आपली," मामा म्हणत. तिकडचा निकाल वेगळा लागला की पेपर घडी करून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "अपिलात टिकणार नाही."

ज्याने त्याने आपल्या अशिलाची बाजू मांडायची. अशील म्हणजे आपण उभा केलेला नट. मग मतदान. चिठ्ठ्यांवर मामांचा विश्वास नव्हता, कारण घरात प्रत्येकजण प्रत्येकाचं अक्षर ओळखत होता. म्हणून जेवणाच्या खोलीत बशा मांडलेल्या असत, प्रत्येक बशीखाली एकेक नाव. मामी प्रत्येकाला एक उस्मानिया बिस्किट देणार, आपण एकट्याने आत जायचं, पसंतीच्या बशीत ते ठेवून यायचं. जिंकणाऱ्या बशीतली बिस्किटं तिच्या वकिलाची. हरलेल्यांची पुन्हा डब्यात. मामांनी इतक्या वर्षांत जिंकलेलं बिस्किट एकदाही खाल्लं नव्हतं.

त्याचं कारण मामांचं अशील. नायक त्यांना चालत नसे. खलनायक चालत नसे. कुठल्याही सिनेमात कुणीतरी पानभर बोलत असतं आणि समोर कुणीतरी ऐकत असतं; मामा त्या ऐकणाऱ्याला सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मागायचे. एका वर्षी ऐकणारा कंपाउंडर होता, एका वर्षी बसचा कंडक्टर, एकदा तर दाराआड उभी असलेली एक मोलकरीण. "कोर्टात बोलणाऱ्याने काय बोलायचं ते आम्हीच पढवलेलं असतं," ते सांगत. "ऐकणाऱ्याला कुणी पढवत नाही. खरं तिथे बघायचं." मुद्दा बिनतोड होता. मत मात्र कुणी देत नसे. एवढा मोठा सिनेमा बघून आल्यावर दाराआडच्या बाईला बिस्किट द्यायला हात होत नाही.

बाकीच्यांच्या अशिलांची ते सालटी काढत. कुणी म्हणालं, अहो काय रडवलंय त्याने, तर मामा म्हणत, "कांदापण रडवतो. कांद्याला कधी हार घातलात?" कुणी सांगितलं, भूमिकेसाठी त्याने पंचवीस किलो वजन घटवलं, तर मामा म्हणत, "मग बक्षीस त्याच्या स्वयंपाक्याला द्या, उपाशी त्याने ठेवलंय." साडेतीन तासांच्या सिनेमाला ते सिनेमा म्हणतच नसत. तो दिवाणी दावा. शेजारचे रावगारू, रेल्वेतून निवृत्त झालेले, दरवर्षी एका हाताने सैन्य कापणाऱ्या कुठल्यातरी तलवारवाल्या नायकाची बाजू घेत आणि दरवर्षी जवळजवळ जिंकत. त्यांच्यासाठी मामांचा ठेवणीतला प्रश्न असे, "रावगारू, समोरचे चारशे लोक एकेक करून कैकू येतात? सगळे मिळून का येत नाहीत?" रावगारू शांतपणे म्हणत, "वकीलसाब, वो उनका डिसिप्लिन है."

या माणसाने माझं बरंच नुकसान केलंय, हेही सांगायला हवं. आता मला सिनेमा सरळ बघता येत नाही. नायिका प्राण सोडत असते आणि मी मागच्या डॉक्टरकडे बघत असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्येही साहेब बोलत असताना मी इतरांचे चेहरे न्याहाळत राहतो. त्यातून कोण नोकरी सोडणार हे मला आधी कळतं, साहेब काय म्हणाले ते कळत नाही.

मामांना मात्र एकदा जिंकायचं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण बैठकीच्या आधी आठवडाभर मामींना भाजी चिरताना समोर बसवून बाजू ऐकवत. मामी म्हणत, "चाळीस वर्षं तुमचं ऐकतेय. त्याचं बक्षीस आधी द्या."

गेल्या वर्षी कळलं की ही शेवटची बैठक. मामींच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, आणि नागपूरच्या मुलीने हट्टच धरला. फ्लॅट विकला गेला. नागपुरात मुलगी आणि जावई दोघंही डॉक्टर. त्यांना सिनेमा बघायला वेळ नाही, भांडायला तर नाहीच. म्हणजे मामांना जिंकायचं असेल तर यंदाच. मला कल्पना सुचली आणि मला ती थोर वाटली. सगळ्यांनी मामांच्या बशीत बिस्किटं टाकायची. माझी मुलगी ईरा हिने लगेच फोनवर गट काढला. मामी हो म्हणाल्या. बायको म्हणाली, "मामांना कळेल." मी म्हणालो, "कळणार नाही." रावगारूंनी सर्वांत जास्त वेळ घेतला. शेवटी म्हणाले, "ओके. वन इयर ओन्ली."

मामांचं त्या वर्षीचं अशील होतं एक थोरला भाऊ. धाकटा त्याच्यासमोर बसून, वडिलांची जमीन आपण कशी उडवली ते रडत रडत सांगतो, आणि थोरला मटार सोलत असतो. बस्स, एवढंच. मामा उभे राहिले. "धाकट्याला सगळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. "थोरल्याचे हात कुणी बघितले? जमिनीचं नाव निघतं तिथून तो दाणे सालांत टाकायला लागतो आणि सालं पातेल्यात. मान वर करत नाही. धाकट्याला हे दिसत नाही. आईला दिसतं, ती येऊन पातेलं उचलून नेते." मी तो सिनेमा दोनदा पाहिला होता, शपथेवर सांगतो योग्य पडद्यावर, आणि मला ते पातेलं आठवेना.

मतदान झालं. मामा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही डोकावलो. बाकीच्या बशा स्वच्छ. मामांच्या बशीत बिस्किटांचा मनोरा, आणि मामा त्याच्याकडे कुणीतरी टेबलावर साप ठेवून गेल्यासारखे बघत होते.

"या घरात वरणात मीठ किती, यावर कधी एकमत झालेलं मला आठवत नाही," ते म्हणाले. "मामीसाहेब, थोरला काय सोलत होता?"

"लसूण," मामी म्हणाल्या.

"रावगारू, आपका तलवारवाला?"

"ऐसा है वकीलसाब," रावगारू छताकडे बघत म्हणाले, "इस साल उसका तलवार थोडा… हल्का था."

"ईराबेटी?"

"मामाआजोबा, तो भाऊ खूप रिलेटेबल आहे."

मी तोंड उघडलं तेवढ्यात मामांनी हात वर केला. "तुम्ही राहू द्या, जमाईराजा. हे बोलत होते तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होतो." मग त्यांनी मनोरा उचलून डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं. "सरळ हरवा मला. हरायची सवय आहे. पण खैरात नक्को." आवाज चढला नव्हता. मामींनी पदराने नाक पुसलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि लसणाची लाजही.

पुन्हा चहा झाला. पुन्हा बशा मांडल्या. मामांनी पुन्हा बाजू मांडली, या वेळी रावगारूंच्या तलवारीचे तुकडे करत, आणि रावगारूही आता मोकळे झाल्यामुळे असे तुटून पडले की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं ते बघायला आले आणि बसूनच राहिले. ते आमच्या इतक्या वर्षांतलं सर्वांत सुंदर भांडण होतं. हसून हसून ईराला उचकी लागली. मग एकेक करून सगळे आत जाऊन आले. खालच्यांनीही मत दिलं, मामांनीच आग्रह केला.

रावगारू जिंकले. त्यांच्या बशीत बिस्किटं मावत नव्हती. मामांच्या बशीत दोन.

मामा त्या दोन बिस्किटांकडे बघत राहिले. "एक माझं," ते म्हणाले, "आणि दुसरं कुणाचं ते मी विचारणार नाही. पण त्याला पटलंय. इमानदारीने पटलंय." त्यांनी प्रत्येकाकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उगीचच लाजले. मामींनी मान खाली घातली, तेव्हा मी ओळखलं. निघताना मी वाकून नमस्कार केला तर मामींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "जावईबापू, तुम्हीच ना ते? फार बरं केलंत."

गाडीत ईरा मागे झोपून गेली. मी बायकोला म्हणालो, "मामींचं नाही, माझं नाही. मग तुझं असणार."

"मी रावगारूंना दिलं," बायको म्हणाली. "चहाबरोबरचं बिस्किट मामांनी खाल्लं नाही. झब्ब्याच्या खिशात टाकलं. मी शेजारीच होते."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? खैरात नक्को म्हणाले होते. चोरीबद्दल कुठे काय म्हणाले होते?"