शेगडीची ऊब

माझ्या सासूला गावात नावाने कोणी हाक मारत नसे. मोना ब्रिजिदा हे नाव फक्त पाद्रीबाबांच्या तोंडी. बाकी सगळ्यांची ती शेगडी. बाईचं अंगच तसं गरम होतं. ऐन थंडीत विहिरीवर बायका गारठलेले हात तिच्या काखेत खुपसायच्या. ती शिव्या देत उभी राहायची, पण कुणाचे हात झिडकारायची नाही.

आमच्या पेशा नदीच्या खोऱ्यात अशा अंगाला मान आहे. वसंत आला की रेशीमकिड्यांचं बी, म्हणजे खसखशीएवढी करडी अंडी, तागाच्या पुरचुंडीत बांधून बाई झग्याच्या आत छातीशी घेते. तिच्या उबेनं ते फुटतं. चुलीपाशी ठेवलं तर भाजतं, गोठ्यात ठेवलं तर कुजतं. बी अंगावर असेतो त्या बाईनं भांडायचं नाही, घाम गाळायचा नाही, दुपारी पांघरूण घेऊन पडायचं. तिकडे शहरात चितारी देवळांच्या भिंतींवर रेशमी झग्यातल्या राण्या काढतात आणि लोक तोंड वासून बघत राहतात. ते रेशीम आधी आमच्या उरावर उबलेलं असतं, ते मात्र कुणी काढत नाही.

आणखी एक नियम आहे. जिचं मूल वर्षाच्या आत गेलं असेल, तिनं बीला शिवायचं नाही.

त्या वर्षी ती मी होते. माझी पोर दिवस भरण्याआधीच जानेवारीच्या कडाक्यात जन्मली, मुठीएवढी. मी तिला नीट पाहिलंही नव्हतं तोच सासूनं ती माझ्या हातातून ओढून घेतली. "आण इकडे. किडे उबवते, मग नात नाही उबवणार होय?" असं म्हणून तिनं पोरीला आपल्या झग्यात घातलं. ती रात्रंदिवस तशीच बसून होती. तिसऱ्या दिवशी पोर तिथेच गेली. तेव्हापासून सासू माझ्याशी सरळ बोलेनाशी झाली. जे सांगायचं ते माझ्या नवऱ्याला, वान्नीला. "तिला सांग, लाकडं संपलीत." "तिला सांग, कोंबड्या आत घे." मी समजले, तिच्या लेखी मी अवलक्षणी. बरं तर बरं. मलाही तोंड आवरता येतं.

त्या साली गोठलेल्या दहिवरानं ऑलिव्ह करपले होते. रेशमाचे कोश हाती आले नाहीत, तर वान्नीला मजुरीनं कापणी करायला दूर मारेम्माच्या दलदलीच्या मुलखात जावं लागणार होतं. माझे सासरे असेच गेले होते. तिथल्या तापानं त्यांना तिथेच ठेवून घेतलं, फक्त त्यांची टोपी परत आली. ती दाराशी खुंटीला होती आणि घरातलं कुणी तिच्याकडे बघत नसे.

एप्रिल लागला, सासूनं पुरचुंडी गळ्यात बांधली. शेजारणींनीही आपापली बांधली. तुतीला उंदराच्या कानाएवढी पानं फुटली आणि एकेका घरातलं बीही फुटलं. आमचं फुटेना. पानं मात्र कुणासाठी थांबतात? ती रोज मोठी होत होती, जाड होत होती. नुकत्या जन्मलेल्या किड्याला जाड पान चाववत नाही, तो भुकेनं मरतो.

कुंपणापलीकडून शेजारीण पिप्पा ओरडली, "काय गं शेगडे, विझलीस की काय?"

"तुझे किडे तुझ्यासारखेच उतावळे," सासू म्हणाली. "माझे खानदानी आहेत. वाजतगाजत येतील."

पिप्पा हसली, मीही हसले असते. पण सासूच्या अंगावर दोन शाली होत्या, आणि ऊन तर असं की मी बाह्या सारून उभी होते.

संध्याकाळी चेस्टनटच्या पिठाची लापशी तिच्या हाती देताना माझं बोट तिच्या बोटांना लागलं. विहिरीतून काढलेल्या घागरीसारखी गार होती ती.

"आई, तुमचे हात..."

"वान्नी, तिला सांग, माझे हात माझ्यापाशी आहेत."

वान्नी लापशीत तोंड घालून बसला. मी त्याला गोठ्यात गाठलं. "तुझ्या आईचं अंग गार पडलंय. बी मरेल. काढून घे तिच्याकडून."

"आणि देऊ कुणाला? सगळ्या बायका आता पानं तोडतायत, घामानं निथळतायत. तुला तर..." त्यानं गव्हाणीतलं गवत सारखं केलं. "आणि शेगडीला तू गार म्हणणार? तोंडावर? मला नाही जमायचं."

त्यानं कोपऱ्यातला विळा काढला आणि दगडावर घासायला बसला. तो आवाज भिंतीतून घरात जात होता. सासूला ऐकू येत होता, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

दुसऱ्या दिवशी मारेम्माला जाणारी मंडळी दारात येऊन सांगून गेली की संत मार्काचा सण झाला की निघायचं. सण तोंडावर आला होता. ते गेले आणि आतून हाक आली.

"ओरेत्ता."

जानेवारीपासून माझं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. मी आत गेले. भर दुपारी, घरातली सगळी पांघरुणं अंगावर घेऊन, ती दात वाजवत पडली होती.

"दार लाव. ते बी बघ, मला नीट दिसत नाही."

पुरचुंडी सोडून पाहिली. तसंच करडं होतं. मी म्हटलं, "द्या माझ्याकडे."

"नाही. जिचं मूल गेलंय तिनं..."

"माहीत आहे मला!" मी किंचाळलेच.

"ओरडू नकोस. बीसमोर भांडू नये." तिनं पुरचुंडी पुन्हा गळ्याशी ओढून घेतली. "पुरचुंडी माझ्या गळ्यातच राहील. नियम मोडायचा नाही. तू आत ये."

तिनं पांघरूण उचललं. मला वळून निघून जावंसं वाटलं. पण गोठ्यातून विळा घासल्याचा आवाज येतच होता. मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि तिच्या उराला ऊर लावला. मधे पुरचुंडी. तिचा ऊर देवळातल्या फरशीसारखा गार होता.

त्यानंतर आम्ही बहुतेक वेळ तशाच पडून असायचो. चूल वान्नीकडे आली. "सासू-सून एका पांघरुणात," तो म्हणायचा, "आता जग बुडतंय बघा." कुणी हसायचं नाही. मी श्वास घेतला की तिचा ऊर हलायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचो. मला भीती वाटे, मी कूस बदलली तर बी गारठेल. त्याहून मोठी भीती, की ते आधीच मेलंय आणि आम्ही उगाच खसखस उबवत बसलोय.

मग बी पांढुरकं पडलं. फुटण्याआधी पडतं तसं. पण मेलेलं बीही पांढुरकं पडतं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वान्नी आपलं गाठोडं बांधत होता. मला उरावर काहीतरी हुळहुळलं. वाटलं, केस असेल. सासूचे डोळे मोठे झाले. मी पुरचुंडीची गाठ सैल केली. तागावर काळे दोरे वळवळत होते, दोन, पाच, मग मोजता येईनात.

"वान्नी!" मी हाक मारली. "शेंड्याची कोवळी पानं आण! पळ!"

गाठोडं टाकून तो धावला. आता सासू एखादी फुशारकी मारेल असं मला वाटलं. ती रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, पोर गेली तेव्हाही नाही.

"म्हणजे तुझ्या उबेनं," ती म्हणाली.

"दोघींच्या."

"खोटं बोलू नकोस. माझं अंग नाताळापासूनच गार पडत चाललं होतं, मला कळत होतं. पण शेगडी म्हणवून घ्यायची सवय ना." तिनं नाक पुसलं. "मी पोरीला तुझ्याकडून ओढून घेतली, ओरेत्ता. तुझ्यापाशी असती तर जगली असती."

तिचा गळा माझ्या हाताखालीच होता, आणि तो आवळावा असं मला वाटलं, ते का लपवू? बाहेर वान्नी तुतीवर चढताना फांद्या मोडत होत्या. मी काही म्हणण्याची ती वाट बघत होती.

मी तिला उराशी धरलं होतं, ते सोडलं नाही. अजून अर्धं बी फुटायचं होतं.