जड पातं

झाडावर चढायच्या आधी तो खोडावर थाप मारायचा. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. मग वर बघून म्हणायचा, "घाई कोणाला हाय? झाडाला तर नाय." आणि चपला काढून चढायला लागायचा.

फांद्या तोडणारी माणसं तुम्हीही बघितली असतील. पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यातल्या सोसायट्यांमधून फिरतात. सगळे वर बघतात, खाली दोरी धरून कोण उभं आहे ते कोणी बघत नाही. त्याच्या खाली मी असायचे. मोठी फांदी आधी दोरीनं बांधायची, दोरी वरच्या बेचक्यातून खाली घ्यायची आणि खालच्या माणसानं बुंध्याला वेढा देऊन धरायची. फांदी तुटली की दोरी हळूहळू सोडायची. नाहीतर फांदी कोणाच्या तरी गाडीवर, नाहीतर डोक्यावर.

शेवटचा घाव घालायच्या आधी तो वरून ओरडायचा, "मावशी, धरलीय?"

"धरलीय."

"नक्की?"

"नाही, चहा पितेय. तोड मेल्या!"

मगच कोयता पडायचा. माझा आवाज ऐकल्याशिवाय त्यानं शेवटचा घाव कधी घातला नाही.

मूळचा कोकणातला. आंबिवलीला आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत राहायचा, एकटा. एवढ्या उंच झाडावर चढायचा, पण खोलीत पाल दिसली की माझ्या दारात येऊन उभा. "मावशी, जरा झाडू घेऊन ये." मी पाल हाकलायची आणि तो बाहेर उभा राहून सांगायचा, "मारू नको हां तिला."

मग सोसायट्यांचे फोन बदलले. पहिला प्रश्न एकच, "मशीन आहे का?" नाही म्हटलं की फोन बंद. त्याच्यापेक्षा निम्म्या वयाची माणसं पेट्रोलवर चालणारं करवतीचं मशीन घेऊन यायची आणि त्याचं काम घेऊन जायची. तो काही दिवस नुसता कोयत्याला धार लावत बसला. मग म्हणाला, "मशीन घ्यायला लागणार. तू पण चल."

कल्याणच्या दुकानात दुकानदारानं दोन मशीन पुढं ठेवली. एक छोटं, वरच्या बाजूला मूठ असलेलं. दुसरं मोठं, लांब पात्याचं. दुकानदार म्हणाला, "झाडावर चढून काम करत असाल तर हे छोटं घ्या. मोठं जमिनीवरच्या ओंडक्यांसाठी. वखारवाले नेतात."

त्यानं छोटं उचललं आणि हसला. "ह्यानं काय भाजी चिरू?" मग मोठं उचललं आणि कोयता तोलतात तसं हातात तोललं. "पात्यात वजन पायजे. मग पातं काम करतं, हात नाय."

कोयत्याचं हे खरंच आहे. आम्ही कोयता असाच निवडतो. हलका कोयता लाकडावर आपटून परत येतो, जड आपल्या वजनानं आत जातो. त्यामुळे मलाही पटलं. दुकानदारानं परत सांगून बघितलं, "काका, कोयता खाली पडतो. हे हातात धरून ठेवायचं असतं."

"चालू करून दाखव," तो म्हणाला. मोठं मशीन गरजलं तशी रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. झालं, तिथंच ठरलं.

सोसायट्या खूश झाल्या. मुलं मोबाईलवर व्हिडिओ काढायची, हा मिशीवरून हात फिरवायचा. पण संध्याकाळी खांदा धरून बसायचा. खांद्याला बाम चोळून चोळून खोलीला वास लागला. मशीन चालू झालं की माझा आवाज त्याला नाही, त्याचा मला नाही. मग दोरीला झटका द्यायचं ठरलं. झटका म्हणजे धरलीय. झटक्यानं कोणाला मेल्या म्हणता येत नाही. खोडावर थाप मारणं कधी बंद झालं तेही कळलं नाही.

मी म्हटलं, "छोटं घेऊन ये बदलून."

"लोक हसतील, मावशी."

"लोक खाली असतात. वर तू असतोस."

त्यानं ऐकलं नाही.

वर्तकनगरला एका जांभळावर लांबची फांदी होती. एका हातानं झाड धरून दुसऱ्या हातानं त्यानं ते धूड पुढं नेलं. पात्याचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं आणि मशीन उलटं त्याच्याच खांद्यावर आलं.

मशीन बंद पडलं. तो कमरेच्या दोरीवर लटकत होता. ती दोरीही बेचक्यातून खाली येऊन बुंध्यालाच बांधलेली होती. वॉचमन धावत आला. आम्ही दोघांनी त्याला फांदीसारखं हळूहळू खाली घेतलं. मध्येच बारीक आवाज आला, "मावशी, धरलीय?"

"धरलीय."

या वेळी त्यानं नक्की का ते विचारलं नाही.

जीव वाचला. पण डावा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही, आणि तेवढ्यानं झाड संपलं. मशीन विठ्ठलवाडीच्या एका वखारीनं घेतलं. तिथं ते जमिनीवर ओंडके कापतं, दुकानदार म्हणाला होता तसं. एकदा तो बघायला गेला होता. आल्यावर म्हणाला, "चांगलं चालतं गं. मशीनची चूक नव्हती."

नंतर गावी गेला, भावाकडं. कोयता बरोबर नेला. दोरीचं वेटोळं मात्र माझ्या दारात आणून टाकलं.

"ही पण ने," मी म्हटलं.

"कशाला? तिकडं धरणार कोण?"

मी त्या दोरीवर कपडे वाळत घालते.