छबूबाईची सात वेढ्यांची मूठ

छबूबाई केरसुण्या बांधायची. जामखेडच्या बाजारात तिच्याइतकी घट्ट मूठ दुसऱ्या कोणाची नव्हती. ओढ्याकाठच्या शिंदीची पानं आणून वाळवायची, खिळ्यांच्या फणीवर त्यांचे शेंडे विंचरायची आणि बुडाशी केकताडाच्या दोरीचे सात वेढे आवळायची. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून ती असा हिसका द्यायची की बघणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

"शेंडा मऊ पायजे वैनी, तवा बारीक धूळ निघती," ती मला सांगायची. "आन् मूठ दगडावानी पायजे, तवा हाताला जोर येतो." मी मास्तरांची बायको, नवा संसार मांडलेली. मला केरसुणी धरायलासुद्धा तिनंच शिकवलं.

तिची एकुलती लेक मालन तीन कोसांवर आसारामला दिली होती. दर दिवाळीला छबूबाई सगळ्यात चांगली केरसुणी लेकीकडे पाठवायची. तिच्या घरी लक्ष्मीपूजनाला आपल्या हातची लक्ष्मी असावी, एवढीच तिची हौस.

आसाराम मारकुटा. दुष्काळाच्या त्या बहात्तर साली मालन दोनदा पळून आली आणि दोन्ही वेळा छबूबाईनंच तिला परत नेऊन घातली. दुसऱ्या वेळी मीही शहाणपणा पाजळला होता, "पाठव गं, बायकांना सोसावंच लागतं." आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि मालन भर बाजारात वाकत वाकत आली. छबूबाईनं तिला माझ्या अंगणात आणून चोळी वर केली. पाठ काळीनिळी झाली होती. प्रत्येक वळावर दोरीचे वेढे उमटले होते. छबूबाईनं बोट लावून ते मोजले. सात भरले.

"ही माझी मूठ हाय, वैनी," ती म्हणाली. "म्याच आवळलेली."

तेवढ्यात बायकोच्या मागावर आलेला आसाराम दारात उभा राहिला. त्यानं मालनची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत बाजारातून न्यायला लागला. लोक बघत होते. नवरा बायकोला नेतोय, त्यात कोण पडणार?

छबूबाई धावली. आपल्या ढिगातली नवी केरसुणी उचलून तिनं त्याच्या तोंडावर हाणली. बुडख्यानं नव्हे, शेंड्यानं! जोडा खाल्लेला माणूस मान वर काढतो, केरसुणी खाल्लेला नाही. आसारामनं तिच्या पोटात लाथ घातली, तोंडावर बुक्की मारली. दोन दात मातीत पडले. ती रक्त थुंकत उठली आणि पुन्हा त्याचं तोंड झोडपायला लागली. तो मारत होता, ती झाडत होती. शिंदीचा कोंडा त्याच्या मिशांत, डोळ्यांत गेला. कोणीतरी हसलं, मग सगळा बाजार हसला. त्या हसण्यानं त्याच्या हातातली वेणी सुटली. तो गेला, तो पुन्हा आला नाही. त्याच्या भावकीतलंही कोणी मालनला न्यायला आलं नाही.

"बुडखा का नाही घातलास डोक्यात?" मी नंतर विचारलं.

"रगात निघालं असतं, तर लोकं त्याच्या बाजूनं झाली असती."

त्यानंतर छबूबाईनं सात वेढे कधी घातले नाहीत. चिंधीचे तीन सैल वेढे घालायची. बायका कुरकुरल्या, दुसरीकडून घ्यायला लागल्या. एके दिवशी मीही सुटलेली केरसुणी घेऊन तिच्याकडे गेले.

"छबूबाई, मूठ सुटली गं."

"केर काढून न्हाई सुटत ती, वैनी," पडलेल्या दातांच्या फटीतून ती म्हणाली. "कुनाच्या पाठीत घातली, तरच सुटती."

मी पदर ओढून पाठ झाकली. मास्तरांचं नाव मी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही. तशीच सैल बांधलेली दुसरी केरसुणी तिनं माझ्या हातात दिली.