धर्माजी आबांची दाढ

निमगाव सावाच्या धर्माजी आबांनी जन्मभर मेंढरांचे दात पाहिले. ओठ बाजूला सारून अंगठा फिरवला, की मेंढीचं वय सांगून मोकळे. जिचे दात झिजले तिला नीट चरता येत नाही, म्हणून ती कळपाबाहेर, हा त्यांचाच नियम. त्यामुळे स्वतःची दाढ ठणकायला लागली तेव्हा आबांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. मुलगा ज्ञानेश्वर मंचरच्या मार्केटात कामाला. "आबा, आता इका ती मेंढरं," हा त्याचा रोजचा धोशा. त्यात दाढेचं कळलं म्हणजे मेंढरं गेलीच!

पण आबा भाकरी सारखी दुधात कुस्करायला लागले, तसं सुनेनं, सुप्रियानं, बरोबर हेरलं.

"आबा, गाल सुजलाय तुमचा."

"अंगानं भरलोय जरा."

"एकाच बाजूनं?"

तिनं त्यांना ओतूरला, दातांच्या डॉक्टर प्रतिभाताईंकडं नेलं.

"आबा, आ करा."

"वय बघताय व्हय? इचारा ना, सांगतो. सत्तरी आलीया."

"वय राहू द्या, दाढ दाखवा." ताईंनी छोट्या आरशानं सगळं तोंड न्याहाळलं. "दातांवर हा चिकट थर बसतो ना, तो प्लाक. ब्रशनं निघतो. नाही घासला तर दगडासारखा घट्ट होतो, तो टार्टर. मग यंत्रानं खरवडून काढावा लागतो, त्याला स्केलिंग म्हणायचं. आणि या दाढेला कीड लागून खड्डा पडलाय, ती कॅव्हिटी."

"मंग बुजवा की."

"बुजवणं म्हणजे फिलिंग. पण कीड पार आतल्या नसेपर्यंत गेलीय. आता रूट कॅनॉल करावं लागेल. मुळातली खराब नस काढायची, आतून साफ करून भरायचं आणि वर कॅप, म्हणजे टोपी बसवायची."

आबांनी एवढं ऐकून एकच विचारलं, "म्हंजी दाढ ऱ्हाती?"

"राहते की. भाकरी चावाल मजेत."

आबांनी खुर्चीतूनच भैरवनाथाला हात जोडले. "सुप्रिया, नवऱ्याला सांग. म्हातारा अजून कळपातच हाय म्हनावं."

पुढच्या खेपेला आबा दवाखान्यात, तर मेंढरं कोण राखणार? ज्ञानेश्वरलाच सुट्टी काढावी लागली. दुपारी आबा आणि सुप्रिया एसटीतून उतरतात तोच मेंढरं शेजाऱ्यांच्या कांद्याकडं निघालेली, आणि ज्ञानेश्वर बांधावर मोबाइल बघतोय! मेंढरं वळवायला आबांनी बोटं तोंडात घातली, पण इंजेक्शननं बधिर झालेला जबडा कुठला ऐकतोय? शीळ निघेना, नुसती हवा गेली.

"अवं, हाळी घाला की!" सुप्रिया ओरडली.

ज्ञानेश्वरनं दचकून, लाजत लाजत लहानपणीची "हिर्रर्र" काढली. मेंढरं थबकली, माना वळवल्या आणि गुमान माघारी आली. गडी असा फुलला, विचारू नका. "आबा, ऐकत्यात की माजं!"

रात्री जेवताना विकायची गोष्ट त्यानं काढलीच नाही. भाकरी मोडता मोडता विचारलं, "आबा, पुढची खेप कधी?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, लई खेपा लागत्याल," आबांनी ठोकून दिलं.

सुप्रियानं तोंडाला पदर लावला.