फडात दिलेलं उत्तर

कुणी काही विचारलं की मास्तर आधी टोपी काढायचे, डोक्यावरून एकदा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "विचारून सांगतो." मग खिशातून छोटी वही निघायची. विचारणाऱ्याचं नाव, वार आणि प्रश्न, सगळं लिहून घ्यायचे. शुक्रवारी मटण का खायचं नाही, एवढं साधं विचारलं तरी वही निघायचीच.

"मास्तर, इतकं तर तुमाला ठावं असंल की," लोक म्हणत.

"ठावं हाय. पन माझ्या तोंडून वाकडं गेलं तर? तुमी तेच धरून बसताल."

तुम्ही कधी त्यांना पाहिलं असतं तर शाळामास्तरच समजला असता. ते शाळेत कधी शिकवत नव्हते. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा कॅथलिकांची थोडीच घरं. फादर पंधरा दिवसांतून एकदा मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला यायचे. मधल्या दिवसांत प्रार्थना घेणं, आजाऱ्याजवळ बसणं आणि मोठ्या माणसांना धर्म शिकवणं हे काम मास्तरांचं. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, पण ऊसतोडीच्या पायी पुढं काहीच शिकायला न मिळालेली, अशी बरीच माणसं होती. बिशप दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा पुढचा संस्कार द्यायला यायचे होते, आणि त्याआधी या सगळ्यांना तयार करायचं होतं.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. जनावरं छावणीला गेलेली, त्यामुळे संध्याकाळचं दूध एका कॅनच्या वर जाईना. चर्चच्या खोलीत चारा भरला होता, म्हणून मास्तरांचा वर्ग आमच्या संकलन केंद्रात भरू लागला. पुरुष रिकामे कॅन उलटे घालून त्यावर बसत, बायका पोत्यांवर.

वर्गाची वेळ मात्र मास्तरांच्या हातात नव्हती, ती टँकरवाल्याच्या हातात होती. हॉर्न वाजला की बायका म्हणत असलेली प्रार्थना तिथंच सोडून घागरी घेऊन पळत. मास्तर दारात उभे राहायचे. येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचं नाव त्या प्रार्थनेत मध्यावर येतं. "पिलातापर्यंत आलतो," ते स्वतःशीच म्हणायचे, "तिथून परत घेऊ." पण सगळ्याजणी परतत नसत. मग त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाले, "सेक्रेटरी, आज चौघीजणी येशू मेला तिथंच सोडून गेल्या. पुढचं उठल्याचं त्यांनी ऐकलंच न्हाई. आता आठ दिवस तसंच डोक्यात ठिवतील."

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उन्हातून चारही घरी जाऊन पुढचं सांगून आले.

त्यांचा जीव असाच टांगलेला असायचा. सकाळी दूध घ्यायला मी केंद्र उघडावं, तर हे पायरीवर बसलेले. "काल वर्गातल्या म्हातारीला बाप, पुत्र, पवित्र आत्मा सांगताना मी एकात तीन म्हनालो का नुसतं तीन? देव तीन हायेत असं समजली असंल का?" मी म्हणायचो, म्हातारीला दुपारपर्यंत आठवणारही नाही. पण ते उठायचे आणि म्हातारीच्या वस्तीकडं चालू लागायचे.

त्या वर्गात मार्था नावाची एक बाई होती. विशी नुकतीच उलटलेली, सगळ्यांत गप्प. आदल्या हंगामात उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत तिला मुलगा झाला आणि सहा दिवसांत गेला. तिथं ना फादर, ना चर्च. बाप्तिस्मा राहिलाच. नवऱ्यानं बांधाच्या कडेला त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं कोयते घेऊन फडात उतरले. हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिनं स्वतः कधी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं.

ऊसतोडीची टोळी निघायला चार-पाच दिवस राहिले असताना तिनं वर्गात विचारलं, "मास्तर, बाप्तिस्म्याचं पानी न पडताच गेलेलं लेकरू कुठं जातं?"

मास्तरांनी टोपी काढली.

ती पुढं म्हणाली, "सासू म्हनती, ते देवाच्या दाराबाहीरच ऱ्हातं. आत घेत न्हाईत. तुमीच सांगितलंतं म्हनं त्यांच्या वर्गात."

मास्तरांचा हात खिशाकडं गेला नाही. टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, "हां. सांगितलंतं."

त्या दिवशी टँकर आला नाही, तरी वर्ग तिथंच संपला. सगळे गेल्यावर ते कॅनवर बसले. "सेक्रेटरी, तवा बी मी विचारूनच सांगितलंतं वो. जुन्या फादरांनी पुस्तक उघडून दाखवलंतं मला." आणि मग ते गावातल्या एकेका बाईचं नाव घेऊ लागले. जिचं जिचं तान्हं बाप्तिस्म्याआधी गेलं होतं, त्या प्रत्येकीचं. मी ऐकत राहिलो.

सकाळच्या एसटीनं ते फादरांकडं गेले. फादर बाहेरगावी. पुन्हा गेले, पुन्हा तेच. फादर भेटले तोवर ट्रक येऊन टोळी घेऊन गेला होता. फादरांचं उत्तर त्यांनी वहीत उतरवून आणलं होतं, मला वाचून दाखवलं: अशा लेकराला चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि त्याच्या तारणाची आशा धरायला जागा आहे. दाराबाहेरचं ते जुनं आता शिकवायचं नाही.

"फादर म्हनले, हंगाम संपून आली की सांगा. सहा म्हैने. कावून थांबायचं? तिच्या लेखी लेकरू सहा म्हैने बाहीर उभंच की."

एसटीत त्यांना चक्कर यायची, म्हणून मी सोबत गेलो. दोन गाड्या बदलल्या. भीमेच्या काठी कारखान्याचा तळ होता, तिथं कळलं की टोळी दुसऱ्या गावाच्या शिवारात गेली. मास्तरांना वाटलं आपण टोळीच्या मुकादमाचं नावच चुकीचं ऐकलं. रिकाम्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही पुढं निघालो. धक्के बसत होते आणि मास्तर वही उघडून फादरांचं वाक्य पुटपुटत होते, परीक्षेला निघाल्यासारखे.

मार्था भेटली ती दुपारी. डोक्यावर उसाची मोळी, चेहरा पाचटानं कापलेला. आम्हाला पाहून तिनं मोळी खाली टाकली. घरी काही वाईट झालं, असंच तिला वाटलं असावं.

"घरी समदं बरं हाय," मास्तर घाईनं म्हणाले. "तुझ्या प्रश्नाचं आनलंय." आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. न चुकता.

मार्थानं ऐकून घेतलं. "आशा धरायची म्हंजे? आत हाय का न्हाई?"

मास्तरांनी वहीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. त्यांनी वही मिटली.

"आत हाय," ते म्हणाले. "देवाजवळ हाय. मी तुझ्या सासूला चुकीचं सांगितलंतं. माझी चूक झाली, पोरी."

मार्था खाली वाकली. पायाजवळचा ऊस उगीचच नीट करत राहिली. मग म्हणाली, "त्याचं नाव बी ठिवलं न्हवतं."

"काय ठिवायचं व्हतं?"

"आनंद."

मास्तरांनी वही पुन्हा उघडली आणि नाव लिहून घेतलं. तिनं विचारलं, "जेवलात का?" आणि बांधावरच्या फडक्यातली भाकरी सोडून आमच्या हातावर ठेवली. मास्तरांनी ती सगळी खाल्ली.

परतीच्या वाटेवर त्यांना धीर आला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. "फादरांनी आशा म्हटलंतं. मी हाय म्हनलो. जास्त बोललो ना मी?" कडा गाव येईपर्यंत हेच. गावी येताच त्यांनी फादरांजवळ ते पाप म्हणून सांगितलं. फादर काय म्हणाले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं कित्येक दिवस मात्र मध्येच म्हणायचे, "ती नीट झोपत तर असंल ना?" आणि त्या दिवशी केंद्रात ज्या बायकांची नावं घेतली होती, त्यांची घरं त्यांनी एकेक करून गाठली. काही दारांतून शिव्या खाऊन आले, काही दारांत तासतासभर बसून राहिले.

दुष्काळाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मास्तर काविळीनं गेले. आठवडाभरातच. वर्ग बंद पडला. खोलीतला चारा संपला होता, पण तिथं शिकवायला कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, म्हणून नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी टोळी अजून गावातच होती. मिस्सेत फादर गेलेल्या माणसांची नावं वाचत होते. मास्तरांच्या वहीतलं आनंद हे नाव आलं तेव्हा मार्थानं मान खाली घातली. आणखी काही नावं झाली आणि फादरांनी एक लांबलचक नाव वाचलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. माणसं एकमेकांकडं बघू लागली.

मार्थानं मागं वळून हळूच विचारलं, "हे कोन वो?"

"मास्तर," मी म्हणालो.

तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मधलं नाव तिला नीट म्हणता आलं नाही. तिनं ते पुन्हा म्हटलं.