आधी समद्यांचं बंद

लातूरला आमच्या क्लासमध्ये मुलांच्या नोंदींचा डेटाबेस सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. बोलता बोलता ते खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघतात आणि त्यांचं वाक्य पानांतच कुठंतरी राहून जातं. शेजारच्या डाळ मिलची पिवळी धूळ उन्हात तरंगत असते, तसेच तेही दुपारभर तरंगत असल्यासारखे वाटतात.

नवं फंक्शन, म्हणजे नोंदींवर एखादं काम करणारा छोटा प्रोग्राम, लिहिलं की मात्र ते जागे होतात. "मॅडम, हे जन्मताच समद्यांना उघडं असतंय. आधी समद्यांचं बंद करायचं. मग ज्याचं काम हाय त्यालाच उघडायचं." मग एकेक नाव पुटपुटत परवानगी देतात, निजलेल्या लेकराला हाक मारावी तसं.

मुलांची तुकडी बदलणारं फंक्शन फक्त त्यांना आणि मला चालवता यायचं. यंदा त्यांची मुलगी क्लासला आली. त्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर स्वतःची परवानगी काढून टाकली.

"परत घेता येईल की तुम्हाला," मी म्हणाले.

"हाव, येईल. पन परवानग्यांच्या यादीत तुम्हाला दिसंल."

पहिल्या चाचणीत तिची वरची तुकडी दोन गुणांनी हुकली. निकाल लागायच्या आधी ते फक्त मलाच ठाऊक होतं. माझा हात कीबोर्डवर बराच वेळ थांबला. शेवटी मी तुकड्यांची यादी आहे तशीच बाहेर लावली.

ते पालकांच्या गर्दीत मागं उभे होते. खालच्या तुकडीत मुलीचं नाव सापडल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि कडुलिंबाकडे बघत हळूच म्हणाले, "बरं झालं मॅडम, माझं बंद होतं."