पाटाचं विचारलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही नुसती चिडचिड होतेय — जर्मनीतल्या एका एवढ्याशा गावानं माझं डोकं का खावं?

त्या गावात चार पाट येऊन मिळतात. कालवे हो, पण आमच्या खानदेशात कालव्याला पाटच म्हणतात. पाचोऱ्याचे विलासभाऊ तिथे बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डर होते. माझ्या नवऱ्याचे मित्र, बायको वारलेली. रविवारी व्हिडिओ कॉल करायचे आणि फोन पाण्याकडे फिरवायचे. लांबलचक मालबोटी, त्यांच्यावर वाळत घातलेले कपडे, कुणाची सायकल, कुणाचं कुत्रं. माझी धाकटी बहीण सुमन पिठाच्या हातानं तशीच बघत बसायची.

सुमनचा नवरा गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मी तिला जळगावला आणलं. अक्कानं बहिणीला सांभाळलं, असं लोक अजून म्हणतात. कोण कुणाला सांभाळत होतं? मी कॉलेजात शिकवायला जायची, आणि माझी दोन पोरं, सासूबाईंचं दुखणंखुपणं, डबे, कळण्याच्या भाकरी — बठ्ठं तिच्या अंगावर. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते?

मग एका रविवारी विलासभाऊंनी फोन पाण्याकडे फिरवलाच नाही. खाली मान घालून म्हणाले, "अक्का, सुमनले पाटनं इचारा. मी थांबस."

आता हा पाट वेगळा. विधवेचं दुसरं लग्न, त्यालाही आमच्याकडे पाटच म्हणतात. मला लख्ख कळलं. आणि काय वाटलं सांगू? आनंद नाही — संताप. आता माझ्या घराचं काय?

सुमन हात पुसत बाहेर आली. तिनं तेवढा एकच शब्द ऐकला होता. पाटाचं काय म्हणत होते, तिनं विचारलं. मी म्हटलं, पाट गोठलेत, बोटी अडकल्यात. अगं बाई, म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

पुढच्या रविवारी ती देवळात गेलेली असताना मी विलासभाऊंना सांगून टाकलं — तिची इच्छा नाही, पुन्हा विषय काढू नका. बरं, म्हणाले. भला माणूस! जरा भांडायचं तरी, दुसऱ्यांदा विचारायचं तरी — बघा, अजून मी त्यांच्यावरच ढकलतेय. त्यांचे फोन कमी झाले, मग बंदच झाले. तिकडेच कुणाशी तरी संसार थाटला म्हणे.

पोरं आता पुण्याला असतात. सासूबाई गेल्या. घरात आम्ही तिघंच, आणि सुमनचे केस माझ्याआधी पिकलेत.

परवा दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. वर न बघता तिनं विचारलं, "अक्का, त्या विलासभाऊंनी माझं कधी काही विचारलं होतं का गं?"

आता तरी माझं काय अडत होतं? ना कुणाचे डबे, ना कुणाचं दुखणं. सांगायलाच तोंड उघडलं मी.

"नाही," म्हटलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "मीच येडी."